घरचा कापूस, परमुलखातील संत्री

२०२५ च्या फेब्रुवारीतील एका रविवारी मिस्सा आटोपून मी मिस्सावस्त्रे उतरवीत होतो. तोच हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यातून येणारी, माझ्या धर्मग्रामातील एक माता आपल्या तरुण मुलाच्या दंडाला धरून सॅक्रिस्टीच्या दारात उभी राहिली. "फादर, याले समजावून सांगा," ती म्हणाली, "हा परदेशात सुट्टीवर जातो म्हंते. आन् तिकडं जाऊन करणार काय, तं मजुरी!"

मला हसू आले. त्या बाईच्या एका वाक्यात केवढा मोठा प्रश्न सामावला आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. सुट्टी घेऊन मजुरी करायला जाणे ही कल्पना तिच्या आयुष्यात कोठेच बसत नव्हती. तिच्या लेखी मजुरी म्हणजे मजुरी आणि सुट्टी म्हणजे रविवारची मिस्सा, तीही वेचणीच्या दिवसांत चुकायची.

मुलाची हकीकत थोडक्यात अशी. तो कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होता. चौथ्या वर्षाच्या आरंभी, जूनपासून, त्याच्यापुढे ग्रामीण कार्यानुभवाचे सत्र होते. ज्यांना आपली वर्तमानपत्रे 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणतात, ती हीच मुले. एखाद्या खेड्यात राहायचे, एका शेतकऱ्याशी जोडून घ्यायचे, बीजप्रक्रिया व माती परीक्षणाची प्रात्यक्षिके दाखवायची आणि रोजची नोंदवही भरायची, असा तो क्रम असतो. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा होता. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी जो व्यापार करार झाला, त्यातील वचनानुसार ही वाट भारतीय तरुणांना २०२४ मध्ये प्रथमच खुली झाली. वय अठरा ते तीस, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, आणि वर्षाला जागा फक्त एक हजार. अर्जदार पुष्कळ म्हणून सोडत काढतात. नोंदणीचे पंचवीस ऑस्ट्रेलियन डॉलर भरून या मुलाने ऑक्टोबरात नाव घातले होते आणि ते निघाले होते. व्हिसा मिळाल्यापासून बारा महिन्यांच्या आत त्या देशात पाऊल ठेवले नाही, तर तो वाया जातो. पदवी पूर्ण होईतो थांबावे तर मुदत संपणार. आम्ही दिनदर्शिका पुढे घेऊन पुष्कळ जुळवाजुळव केली, पण एकाला हात घालावा तर दुसरे निसटत होते.

मी त्याला दिलेला पहिला सल्ला कोणीही वडीलधारा देईल तोच होता. कार्यानुभव हे कर्तव्य आणि परदेशवारी ही चैन. कर्तव्य सोडून चैनीमागे जाऊ नये. मला वाटले, प्रकरण मिटले.

त्या वर्षी ३० मार्चला प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार होता आणि शुभवर्तमानात उधळ्या पुत्राचा दाखला आला होता. प्रवचन करताना माझी नजर दोन-तीनदा त्या मुलाकडे गेली, हे मी कबूल करतो. दूरदेशी गेलेल्या धाकट्या मुलाचे चित्र मी जरा अधिकच रंगविले. मिस्सा झाल्यावर तो थेट माझ्याकडे आला. "फादर, त्या धाकट्या पोराने डुकरं राखली, हे त्याचं पाप होतं का? पैसा उधळला ते पाप. कामाला लागला, ते तर पहिलं चांगलं काम केलं त्याने." मी गप्प राहिलो. मग त्याने विचारले, "तुम्हांला कधी दोन गोष्टींतून एक निवडावी लागली का?"

या दुसऱ्या प्रश्नाने मला काही रात्री झोप नीट लागू दिली नाही. कारण प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच होते. धर्मगुरू होण्याचा निर्णय माझा होता हे खरे, पण त्यानंतर मला कोठे पाठवायचे ते इतरांनी ठरविले. नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास संपला की ईशज्ञानाच्या अभ्यासाआधी प्रात्यक्षिक कार्याचा काळ असतो. मला एक लिफाफा मिळाला, त्यात जंगलपट्ट्यातील एका वसतिगृहाचे नाव होते आणि चौथ्या दिवशी मी तेथे होतो. तेही विद्यार्थिदशेतील कार्यानुभवाचेच वर्ष, परंतु निवडीचा ताप मला झाला नाही. ज्याने कधी ओझे उचलले नाही, त्याने हमालाला पाठ कशी वाकवावी ते सांगावे, तसा माझा सल्ला होता.

त्या वसतिगृहातील एक प्रसंग मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. पावसाळ्यात आवारातील गवत कापायला मुलांना लावून मी छत्री घेऊन उभा होतो. स्वयंपाकघरातले म्हातारे बाबा बाहेर आले, थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "ब्रदर, विळे अजून दोन आहेत आत." एवढेच बोलून ते परत गेले. मी विळा घेतला, पण मुले निघून गेल्यावर, कोणी पाहत नसताना. हात चालत होता आणि मन लाजत होते. कशाची लाज? माझे वडील आयुष्यभर शेतमजूर होते. मी सेमिनरीत गेलो म्हणजे विळ्यातून सुटलो, अशी घरच्यांची आणि माझीही समजूत होती.

मुलाला बोलावून मी हे सांगितले, आणि मग आमचे खरे बोलणे सुरू झाले.

तो म्हणाला की दहावीनंतर तो कापूस वेचायला बसलेला नाही. आई बसते, बहीण बसते, तो नाही. "इथं वेचायला बसलो तर गाव विचारते, शिकून काय केलं? तिथं कोणी विचारत नाही." म्हणजे त्याला परदेशातील काम हलके वाटत नव्हते, कारण ते काम करताना पाहणारे डोळे परके होते. घरची वेचणी ही मागासपणाची खूण आणि तीच पाठ, तेच हात परमुलखातल्या मळ्यात वाकले की तो अनुभव! त्याने हे कोणताही आव न आणता सांगितले आणि मला तो खोटे बोलतो असे वाटले नाही. हा दोष त्याचा मानायचा का? त्याच्या आईने लहानपणापासून त्याला एकच धाक घातला होता: "शीक, नाही तं कापूस येचावा लागन." आपल्या घराघरांत हे वाक्य बोलले जाते. शेतात राबणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आपण तयार नसतो. चर्चच्या सणाला श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलणारा मी स्वतः, अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला काय म्हणतो? "काय, ढोरं राखायची आहेत का?" पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले, त्याचा गाभा असा की कामाचे मोल ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे म्हणून ते ठरते. सेमिनरीत मी त्यावर निबंध लिहिला होता आणि गुणही चांगले मिळाले होते.

आणि हे सारे कोठे घडत आहे? वर्धा जिल्ह्यात! आमच्या चर्चपासून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची योजना आखली. पुढे सेवाग्रामला ई. डब्ल्यू. आर्यनायकम व आशादेवी यांनी ती नई तालीम चालविली. त्या विचारात अभ्यास एकीकडे आणि कार्यानुभव दुसरीकडे अशी फाळणीच नव्हती. मूल सूत कातीत असे, वाफे करीत असे आणि त्यातूनच गणित शिके. आज आपण चार वर्षांच्या पदवीत एक सत्र खेड्यासाठी राखून ठेवतो आणि त्याला उपक्रम म्हणतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी १९६९ साली सुरू झाली, नव्या विद्यार्थ्यांना आरंभीचे पंधरा दिवस आश्रमात ठेवतात, झाडलोट व श्रमदान करवितात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. ही प्रथा मला मोलाची वाटते. झाडू धरलेला डॉक्टर रोग्याकडे थोडा वेगळा पाहील, एवढी आशा तरी तिच्यात आहे.

परंतु कार्यानुभव या शब्दानेच भारून जाऊ नये. मी अशी कार्यालये पाहिली आहेत, जेथे प्रशिक्षणार्थी म्हणून आलेली मुले सहा महिने झेरॉक्स काढतात आणि शेवटी शिक्का मारलेला कागद घेऊन घरी जातात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना दरमहा सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन, मुदत आरंभी सहा महिने. हेतू चांगला. पण काम देणाऱ्याला शिकवायचे नसेल आणि घेणाऱ्याला शिकायचे नसेल, तर ते वेतनही एक प्रकारची सुट्टीच होय. या मुलानेही मला सांगितले की आधीच्या तुकडीतील काहींच्या नोंदवह्या एकाच रात्री, एकमेकांत पाहून भरल्या गेल्या होत्या. मी ज्याला कर्तव्य म्हटले त्यात चैन शिरू शकते आणि ज्याला चैन म्हटले तेथे घाम गळू शकतो. पहिल्या दिवशीची माझी विभागणी पाण्यात विरघळली.

तेव्हा मी ऑस्ट्रेलियातील या व्यवस्थेची थोडी माहिती करून घेतली. तिचे मूळ १९७५ चे, ब्रिटन व कॅनडाच्या तरुणांसाठी. वर्षभर देश पाहावा आणि खर्चापुरते काम करावे, हा उद्देश. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा अधिक राहू देत नाहीत. कायद्यालाच जणू तुम्ही तेथे रुजू नये असे वाटते. मात्र ठरावीक भागांत तीन महिने शेतातले किंवा तत्सम काम केले, तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. म्हणजे ज्या कामाला तेथील स्थानिक माणूस पुरत नाही, त्या कामासाठी पाहुण्याला वर्षाचे आमिष. यात स्वार्थ आहे आणि तो लपविलेला नाही. एका गोष्टीने मात्र मी थांबलो. फळतोडणीचा मोबदला तेथेही मालाच्या मापावर देत असत आणि त्यात नवख्यांची नागवणूक होई. २८ एप्रिल २०२२ पासून तेथे नियम झाला की माप कितीही भरो, तासाचे किमान वेतन मिळालेच पाहिजे. आमच्याकडे कापूस वेचणीचा दर किलोवर असतो, अलीकडच्या हंगामांत दहा-बारा रुपये. बोंड ओले असो, पऱ्हाटी विरळ असो, काट्यावर जेवढे भरेल तेवढेच पदरात. वेचणाऱ्या बायांच्या तासाचा हिशेब कोणी मांडीत नाही. ज्या गावात आईच्या तासाला किंमत नाही, त्या गावात मुलाने श्रमाची प्रतिष्ठा का शिकावी, हा प्रश्न त्या मुलाने विचारला नाही. मीच मला विचारला.

येथे मला वर्ध्याच्याच एका ख्रिस्ती माणसाची आठवण होते, जे. सी. कुमारप्पा यांची. १८९२ मध्ये तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनला हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. १९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले ते भावाकडे, सुट्टीसाठी. नुसते बसून राहवेना म्हणून त्यांनी सिरॅक्यूज येथे आणि मग कोलंबिया विद्यापीठात नाव घातले. भारत दरिद्री का, या विषयावर तेथील एका चर्चमध्ये त्यांनी व्याख्यान दिले, त्याची बातमी वृत्तपत्रात आली आणि ती वाचून त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांना सरकारी जमाखर्चातून भारताच्या दारिद्र्याचा शोध घ्यायला लावले. सुटाबुटातल्या त्या हिशेबनिसाला आपल्याच देशातील गरिबीचे गणित सुट्टीवर, परमुलखात, समजले. परतल्यावर १९२९ मध्ये साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि गुजरात विद्यापीठाचे मूठभर विद्यार्थी हाताशी घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. ते विद्यार्थी गावोगाव हिंडले, घराघरांत बसून जमाखर्च मांडीत गेले. माझ्या समजुतीप्रमाणे विद्यार्थ्यांच्या कार्यानुभवाचे इतके खरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल, कारण त्यांच्या नोंदवहीची कोणीतरी वाट पाहत होते. पुढे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले आणि तेथले मगन संग्रहालय आजही उभे आहे.

हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याचे डोळे चमकले. त्याला वाटले, मी परदेशाच्या बाजूने कौल दिला. तसे नव्हते. सुट्टीवर गेलेल्या प्रत्येकाला काही प्रश्न सापडत नाही आणि खेड्यात सत्र काढलेल्या प्रत्येकाचा कुमारप्पा होत नाही. मला त्याला एवढेच दाखवायचे होते की कुमारप्पांच्या आयुष्यात ती सुट्टी आणि मातरची पाहणी एकमेकींच्या वैरिणी नव्हत्या. एकीत प्रश्न मिळाला, दुसरीत त्या प्रश्नासाठी पाय झिजवले.

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत निवडीविषयी जे सांगितले आहे, त्यातील एक निरीक्षण मला फार मार्मिक वाटते. पुष्कळ माणसे आधी साधन निवडतात आणि मग साध्य ओढून त्याच्यापाशी आणतात. लग्न करायचे हे ठरते, आणि त्यातून देवाची सेवा कशी होईल याचा विचार मागाहून होतो. जायचे हे आधी ठरलेले असते, कारणे नंतर जमविली जातात. राहायचे ठरविणाऱ्यांचेही तसेच, हे मात्र आपण वडीलधारी मंडळी विसरतो. "आईवडिलांसाठी राहिलो" असे म्हणणारे किती तरी तरुण प्रत्यक्षात भीतीपोटी राहिलेले असतात. मी त्याला एक कागद दिला आणि दोन्ही बाजूंची खरी कारणे लिहून आणायला सांगितली. मला न दाखवता आधी आईला वाचून दाखवायची, एवढी अट घातली.

त्या वाचनात पैशाचा प्रश्न निघाला, जो आमच्या तात्त्विक चर्चेत आतापर्यंत आलाच नव्हता. खर्चासाठी पाच हजार डॉलर जवळ असल्याचे दाखवावे लागते, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेतीन लाख रुपये, शिवाय व्हिसाचे शुल्क आणि विमानाचे तिकीट. कोरडवाहू पाच एकरांत ही रक्कम कोठून येणार? मामाने अर्धी उसनी देऊ केली होती आणि उरलेल्यासाठी आईच्या गळ्यातले होते. येथे मात्र मी पहिल्याइतकाच कठोर राहिलो. स्वतःच्या पैशाने कोणी वर्ष हिंडले तर तो त्याचा अधिकार आहे. आईचा दागिना मोडून निघालेला मुलगा सुट्टीवर गेला असे म्हणता येणार नाही. तो कामावर गेला, आणि कोणाच्या कामावर, हे त्याने रोज आठवले पाहिजे. मुलाने मान खाली घातली. दागिना मोडला नाही. मामाच्या पैशाला पतसंस्थेचे कर्ज जोडले आणि परतफेडीचा हिशेब त्याने स्वतःच्या हाताने कागदाच्या मागल्या बाजूला मांडला. कार्यानुभवाच्या बाजूला त्याने एकच कारण लिहिले होते, "सगळे करतात म्हणून." परदेशाच्या बाजूला पाच-सहा होती, त्यांतले शेवटचे असे: "मला काम करताना कोणी ओळखू नये, एक वर्ष." आईने ते दोनदा वाचून घेतले, असे त्याने मला सांगितले.

माझे मत विचाराल तर त्याने आपल्या तुकडीबरोबर कार्यानुभव पुरा करायला हवा होता असे मला आजही वाटते. वर्ष मागे पडण्याचे दुःख मी मानीत नाही. पण चांगले खेडे आणि चांगला शेतकरी लाभला असता, तर 'सगळे करतात म्हणून' हे कारण आपोआप पुसले गेले असते. हे मी त्याला सांगितले आणि निर्णय त्याच्याकडे सोपविला. दाखल्यातल्या बापानेही धाकट्याला वाटणी दिलीच होती, दाराला कडी घातली नव्हती.

त्याच्या घरच्या पऱ्हाट्या त्या वर्षी उशिरापर्यंत उभ्या होत्या. मजूर मिळेनात, म्हणून एप्रिलमध्ये त्या उपटायला तो आईबरोबर आठ दिवस शेतात गेला. मी सांगितले म्हणून गेला असे मात्र नाही. मे महिन्यात तो निघाला. महाविद्यालयाची रीतसर परवानगी घेतली आणि परतल्यावर मागच्या तुकडीतील मुलांबरोबर खेड्यात बसण्याचे कबूल केले. क्वीन्सलँड राज्यात गेंडा नावाचे एक छोटे गाव संत्र्यांसाठी ओळखले जाते, तेथे त्याला तोडणीचे काम मिळाले. आमच्या कारंजा-आष्टीकडच्या बागा त्याने कधी आतून पाहिल्या नव्हत्या.

त्याची आई रविवारी भेटते तेव्हा तिकडची चौकशी माझ्याकडेच करते, जणू मीच त्याला पाठविले. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली होती, तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडल्या होत्या. "फादर, तिकडं किलोमागं काय देतात?" तिने विचारले. मी सांगितले की माप काही असले तरी तासाचे ठरलेले पैसे कमी होत नाहीत. ती बराच वेळ विचार करीत राहिली.

"मंग तिथं हळू येचलं तरी चालते?" ती म्हणाली.